दोन पालखीमार्ग एका नकाशावर : लीफलेटमधील रेषा आणि आकार

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून आणि तुकाराम महाराजांची देहूहून निघते. पुण्यात दोन्हींचा मुक्काम असतो, हडपसरपाशी त्यांच्या वाटा वेगळ्या होतात आणि वाखरीला त्या पुन्हा एकत्र येतात. हे दोन्ही मार्ग, वाटेतील तालुके आणि नीरा नदी मोबाइलवर सहज चाळता येईल अशा एकाच नकाशावर दाखवावीत, असे माझ्या मनात होते. त्यासाठी मी लीफलेट ही वेबपानावर नकाशे दाखवणारी, जावास्क्रिप्टची मोफत आणि हलकी लायब्ररी निवडली. ती २०११ पासून उपलब्ध आहे. सर्व माहिती जिओजेसन या नकाशाची माहिती साठवण्याच्या स्वरूपात ठेवली. त्यात प्रत्येक बिंदूचे रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहितात. लीफलेटच्या स्वतःच्या फंक्शनमध्ये हा क्रम उलट असतो, परंतु जिओजेसनचा थर ही अदलाबदल आपणहून करतो.

आपण काही सांगितले नाही, तर लीफलेट प्रत्येक आकाराला ३ पिक्सेल जाडीची निळी कडा देते आणि बहुभुजात त्याच निळ्या रंगाचा २० टक्के भराव करते. त्यामुळे पहिल्या चित्रात नदी, तालुका आणि पालखीमार्ग सगळे एकाच निळ्या रंगात उमटले. म्हणून रंग निवडण्यापूर्वी मी वाचकाच्या नजरेचा क्रम ठरवला : आधी मार्ग दिसावेत, मग नदी, आणि तालुक्यांच्या सीमा हव्या असतील तेव्हाच लक्षात याव्यात. तालुक्यांना बारीक करडी कडा आणि अगदी फिका भराव दिला. ज्या तालुक्यांतून पालखी जाते, त्यांचा भराव किंचित गडद केला. स्टाइल या पर्यायाला फंक्शन देता येते, ते प्रत्येक आकाराचे गुणधर्म वाचून त्याचे रूप ठरवते, त्यामुळे पुरंदर, फलटण, इंदापूर किंवा माळशिरस यांच्यासाठी स्वतंत्र ओळी लिहाव्या लागल्या नाहीत.

ज्ञानेश्वर महाराजांच्या मार्गाला गडद निळा आणि तुकाराम महाराजांच्या मार्गाला नारिंगी रंग दिला. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनाही ही जोडी वेगळी ओळखता येते. मात्र ओपनस्ट्रीटमॅपच्या नेहमीच्या पार्श्वभूमीवर मोठे रस्तेही नारिंगी-पिवळ्या छटांचे असतात आणि दुसरा मार्ग त्यांत हरवू लागला. यावर नकाशाकारांचा जुना उपाय कामी आला : तीच रेषा दोनदा काढायची, खाली जाड पांढरी आणि वर तिच्याहून बारीक रंगीत. पांढऱ्या किनारीमुळे मार्ग पार्श्वभूमीपासून सुटा दिसतो.

खरा विचार करावा लागला तो पुण्यातून हडपसरकडे जाणाऱ्या आणि वाखरीहून पंढरपूरला पोहोचणाऱ्या सामाईक टप्प्यांचा. एका रेषेखाली दुसरी झाकली गेली, तर एक पालखी तिथून जातच नाही असा अर्थ निघतो, आणि तो कोणत्याही वारकऱ्याला खटकेल. म्हणून हे टप्पे मी माहितीतच वेगळे केले. खाली सलग निळी रेषा ठेवली आणि वर नारिंगी तुटक रेषा. तुटकपणा तुकडा आणि फट यांची लांबी सांगणाऱ्या डॅशअ‍ॅरेने ठरतो. ५ पिक्सेल जाडीच्या रेषेला १० पिक्सेलचा तुकडा आणि १० पिक्सेलची फट सांगितली, तरी पडद्यावर तुकडे लांब आणि फटी अरुंद दिसतात. याचे कारण असे की, रेषेची टोके मुळात गोल असतात आणि ती गोलाई दोन्ही बाजूंना निम्म्या जाडीइतकी पुढे सरकते. म्हणजे तुकडा १५ पिक्सेलचा होतो आणि फट ५ पिक्सेलचीच उरते. टोकांचा आकार ठरवणाऱ्या लाइनकॅपची किंमत 'बट' केल्यावर टोके सपाट झाली आणि निळा-नारिंगी पट्टा समान अंतराने दिसू लागला. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो, कारण दोन्ही पालख्यांना सारखाच मान मिळणे इथे याच एका पर्यायावर अवलंबून होते.

जाडी आणि तुटकपणा दोन्ही पिक्सेलमध्ये मोजले जात असल्याने झूम बदलला तरी ते बदलत नाहीत. त्यामुळे पूर्ण मार्ग दिसतो तेव्हा रेषा बोजड वाटते आणि सासवडच्या गल्लीपर्यंत गेल्यावर तीच किरकोळ भासते. झूम संपल्याची घटना ऐकून, आकाराचे रूप बदलणाऱ्या सेटस्टाइलने जाडी नव्याने ठरवली की हे सावरते.

तालुक्यावर माउस नेल्यावर त्याची कडा उठून दिसावी म्हणून आकाराला सर्वांत वर आणणारे ब्रिंगटूफ्रंट वापरतात, पण त्यामुळे तो तालुका त्याच थरातील पालखीमार्गाच्याही वर येतो. यासाठी स्वतंत्र पेन, म्हणजे एकावर एक रचलेले स्तर, तयार केले. ज्याचा क्रमांक मोठा, तो स्तर वर. लीफलेटच्या मूळ ओव्हरलेपेनचा क्रमांक ४०० आणि मार्करचा ६०० असल्याने तालुक्यांना ४१०, नदीला ४२० आणि मार्गांना ४३० दिला. नीरा अनेक ठिकाणी जिल्ह्याची हद्दही आहे, त्यामुळे तिथे नदी सीमारेषेच्या वर राहणे आवश्यकच होते. हे सर्व मी एसव्हीजीमध्येच ठेवले, त्यात प्रत्येक आकार स्वतंत्र घटक असतो. सगळे आकार एकाच चित्रात रंगवणाऱ्या कॅनव्हासमध्ये वरच्या पेनचा कॅनव्हास खालच्या तालुक्यांपर्यंत माउसच्या घटना पोहोचू देत नाही.

शेजारच्या तालुक्यांच्या सीमांमध्ये कमी झूमवर बारीक फटी दिसत होत्या. लीफलेट प्रत्येक बहुभुजाचे बिंदू स्वतंत्रपणे कमी करते, त्यामुळे सामाईक सीमा दोन्ही बाजूंनी वेगळी सरळ होऊ शकते. बिंदू किती कमी करायचे ते ठरवणारा स्मूथफॅक्टर तालुक्यांसाठी शून्य केल्यावर फटी गेल्या. मार्गांसाठी तो मूळचाच ठेवला. दूरून पाहताना दिवे घाटाची वळणे थोडी सरळ झाली तरी चालते, जवळ गेल्यावर ती पूर्ण दिसतात.

शेवटचा प्रश्न बोटांचा होता. मोबाइलवर ५ पिक्सेलच्या रेषेवर नेमके बोट टेकवणे कठीण जाते. म्हणून प्रत्येक मार्गावर २४ पिक्सेल जाडीची, पूर्ण पारदर्शक रेषा सर्वांत वर ठेवली आणि मुक्कामांची माहिती तिलाच जोडली. ती दिसत नाही, तरी स्पर्श ओळखते. आता जेजुरीच्या आसपास कुठेही बोट ठेवले की मुक्कामाचे नाव लगेच उघडते.