साराजेवोची गोळी आणि बसऱ्याला गेलेला माणूस

पहिलं महायुद्ध का पेटलं, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सातारा जिल्ह्यात इतिहास शिकवताना एक प्रश्न मला वर्षानुवर्षं ऐकावा लागला. "बाई, राजपुत्राला गोळी घातली तिकडं बोस्नियात. मग आमचा खापरपणजोबा बसऱ्याला कशाला गेला?" (बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर, तेव्हा तुर्कस्तानच्या ताब्यातलं.) विचारणाऱ्या पोरांच्या घरी फौजेची पदकं असतात, म्हणून मला हा प्रश्न कधी टाळता आला नाही.

सुरुवातीला मी पाठ्यपुस्तकातली कारणं फळ्यावर लिहायचे: गुप्त करार, साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा, आक्रमक राष्ट्रवाद. ती खोटी नाहीत. पण ती कारणं १९०८ मध्येही होती, ऑस्ट्रियानं बोस्निया गिळला तेव्हा. १९१२-१३ मध्ये बाल्कनमध्ये एकापाठोपाठ दोन युद्धं पेटली तेव्हाही होती. तेव्हा लंडनमध्ये सगळ्या बड्या सत्तांचे राजदूत महिनोन् महिने एका टेबलाभोवती बसले आणि आग बाल्कनबाहेर पसरली नाही. मग १९१४ मध्ये वेगळं काय घडलं? माझं उत्तर आता एवढंच आहे: त्या वेळी बोलायला वेळच मिळू दिला नाही, आणि तो जाणूनबुजून मिळू दिला नाही.

२८ जून १९१४ ला साराजेवोत गाव्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या पोरानं ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना गोळ्या घातल्या. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्मनं व्हिएन्नाला, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारला, कळवलं, काहीही करा, जर्मनी पाठीशी आहे. कटामागं सर्बिया आहे असं धरून त्याला धडा शिकवायचं व्हिएन्नाचं जवळजवळ ठरलंच होतं. तरी अटींचा निर्वाणीचा खलिता सर्बियाला लगेच गेला नाही. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वांकारे तेव्हा रशियाच्या राजधानीत पाहुणे होते. पॅरिस आणि सेंट पीटर्सबर्ग यांना समोरासमोर बसून खल करता येऊ नये, म्हणून त्यांचं जहाज निघेपर्यंत थांबायचं ठरलं. २३ जुलैच्या संध्याकाळी ६ वाजता खलिता सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये दिला गेला. उत्तराला मुदत ४८ तास.

इथं मी वर्गात नेहमी थांबते. सर्बियानं जवळजवळ सगळ्या अटी मान्य केल्या. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी सर्बियात येऊन न्यायालयीन चौकशीत भाग घ्यायचा, ही अट मात्र आमच्या घटनेत बसत नाही म्हणून नाकारली. २५ तारखेला पंतप्रधान पाशिच स्वतः उत्तर घेऊन आले. ऑस्ट्रियाचे तिथले राजदूत गीझल यांनी त्यावर नजर फिरवली, सामान आधीच बांधलेलं होतं, आणि साडेसहाच्या गाडीनं ते बेलग्रेड सोडून गेले. उत्तर वाचायचंच नव्हतं. मला आजही या जागी राग येतो, आणि तो पोरांपासून मी लपवत नाही.

कैसरनं ते उत्तर २८ जुलैला सकाळी वाचलं आणि लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. ऑस्ट्रियानं फक्त बेलग्रेड ताब्यात घेऊन थांबावं, असं त्यानं सुचवलं. त्याच्या चॅन्सेलरनं, बेथमान होलवेगनं, ही सूचना रात्री उशिरा आणि शब्द बदलून व्हिएन्नाला धाडली. तोवर ऑस्ट्रियानं तारेनं युद्ध पुकारलंही होतं. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी चार सत्तांची परिषद सुचवली होती, ती बर्लिननं नाकारली. २९ तारखेला रशियाचा सम्राट झार निकोलसनं कैसरला तार केली की हा तंटा हेगच्या न्यायासनापुढं नेऊ. ती तारही वाया गेली.

आणि मग रेल्वेची वेळापत्रकं आली. सर्बियाच्या पाठीशी रशिया होता, पण तो अवाढव्य, फौज जमवायला वेळ लागणार, म्हणून त्याला आधी सुरुवात करायची होती. रशियाची फौज उभी राहायच्या आत त्याचा दोस्त फ्रान्सला आडवं करायचं, अशी जर्मनीची योजना, म्हणून त्याला एक दिवसही दवडायचा नव्हता. २९ जुलैच्या रात्री झारनं सर्व फौजेच्या जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला होता, पण ३० ला परराष्ट्रमंत्री साझोनोव यांनी त्याचं मन वळवलं. जर्मनीनं रशियाला जमवाजमव थांबवायला १२ तास दिले. पुढं बेल्जियमलाही फौजेला वाट द्यायला १२च. १ ऑगस्टला कैसरला क्षणभर वाटलं की सगळी फौज पूर्वेकडे वळवता येईल. जर्मन लष्करप्रमुख मोल्टके म्हणाला, ते आता शक्य नाही. ४ तारखेला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहात होती, आणि ब्रिटन युद्धात उतरलं.

ब्रिटन उतरलं म्हणजे हिंदुस्थान उतरला. व्हॉइसरॉय हार्डिंग यांनी जाहीर केलं, हिंदी माणसाला कुणी विचारलं नाही. टिळक मंडालेहून सुटून पुण्यात येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने होत आले होते.

बसऱ्याचं उत्तर इथून पुढं. तुर्कस्ताननं २ ऑगस्टला जर्मनीशी गुप्त करार केला होता आणि ऑक्टोबरअखेर तो युद्धात आला. इराणच्या आखाताच्या वरच्या टोकाशी अबादानला तेलाचा कारखाना होता, आणि त्याच्या मालक कंपनीतला मोठा हिस्सा ब्रिटिश सरकार त्याच वर्षी विकत घेत होतं, कारण आरमार कोळशावरून तेलावर चाललं होतं. म्हणून ६ नोव्हेंबरला बसऱ्याच्या वाटेवरच्या फाओच्या किनाऱ्यावर हिंदी फौज उतरू लागली: सहावी डिव्हिजन, जिला पूना डिव्हिजन म्हणत. तिच्यात मराठा पलटणी होत्या, ११० वी, १०३ वी, ११७ वी. नोव्हेंबर संपायच्या आत बसरा पडलं. पुढं याच पलटणी बगदादच्या वाटेवरून मागे हटून कूतमध्ये अडकल्या. तुर्कांचा १४७ दिवसांचा वेढा, घोडे मारून खायची वेळ, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजारांची शरणागती. कैदेत आणि वाटेतल्या रखरखाटात त्यांतले हजारो परतले नाहीत.

मी फळ्यावर साराजेवोपासून कूतपर्यंत एक लांब रेघ ओढते. २५ जुलैच्या संध्याकाळी साडेसहाच्या गाडीपाशी खडू उचलते आणि पोरांना विचारते, इथून पुढची रेघ ओढू का? पहिल्या बाकावरची एक मुलगी एकदा म्हणाली, "थांबा बाई, ते उत्तर आधी वाचू दे त्यांना."