टेकडीला वळसा

उधारी थकली की माणूस किराणा दुकानावरून जात नाही, मागच्या बोळातून घर गाठतो. पण कुणी साक्षात देवमातेला असं चुकवलेलं मला एकच उदाहरण माहीत आहे: मेक्सिकोचा हुआन दिएगो.

साल १५३१, डिसेंबर महिना. स्पॅनिशांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी जिंकून दहा वर्षं झालेली. देवळं पाडलेली, देवीच्या साथीत माणसं पटापट गेलेली. अशात बाप्तिस्मा घेतलेल्या या नाहुआ, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, माणसाला तेपेयाकच्या टेकडीवर कुमारी मरिया दिसली. ती बोलली त्याच्याच भाषेत, आणि काम सांगितलं, बिशपला जाऊन सांग, इथे माझं देऊळ बांध. हा गयावया करू लागला, मला कोण विचारतो, एखाद्या मोठ्या माणसाला पाठव की! बिशपने तर पुरावाच मागितला. त्यात काका मरणाला टेकला. पाद्री आणायला निघालेल्या हुआनने हिशेब केला, बाई भेटली तर खोळंबा होणार. म्हणून टेकडीला वळसा घालून तो दुसऱ्या अंगाने निघाला. ती खाली उतरून आडवी आली.

आता सापडलेला माणूस काय बोलणार? १६४९ मध्ये नाहुआत्लमध्ये, म्हणजे नाहुआंच्या भाषेत, छापलेल्या कथेत तो तिला ‘धाकटे लेकी’ म्हणतो आणि विचारतो, झोप नीट झाली ना, तब्येत बरी आहे ना? पुढे ऐन थंडीत फुललेले गुलाब आहेत, अंगावरच्या जाड्याभरड्या वस्त्रावर उमटलेली तिची छबी आहे, काका बराही होतो. मला सगळ्यांत खरी वाटते ती ही सारवासारव.

इतिहासकारांचं तेवढ्याने भागत नाही. पुरावा मागणारा तो बिशप म्हणजे सुमारागा, त्याच्या उपलब्ध लिखाणात या चमत्काराचा उल्लेख नाही. हुआन दिएगो झालाच होता का, इथपासून वाद आहे. २००२ मध्ये पोपनी त्याला संत केलं, वाद चालूच राहिला.

मला गंमत वाटते ती साहागुन या फ्रान्सिस्कन पाद्र्याच्या तक्रारीची. सोळाव्या शतकातच तो लिहून गेला, की याच टेकडीवर पूर्वी तोनान्त्सिनचं, म्हणजे ‘आमच्या आई’चं ठाणं होतं. मरियेलाही हे लोक तेच नाव देतात. गावोगाव तिची चर्चेस असताना तिकडे फिरकत नाहीत, लांबलांबून इथेच येतात, पूर्वीसारखेच. साहागुनला त्यात सैतानाची करामत दिसली. मला मात्र पाद्र्यासमोर हात जोडून ‘फादर, झोप नीट झाली ना?’ असं विचारणारी माणसं दिसतात.