नोंद ५ : दोन स्टिक, एकच मॉडेल नंबर

माझ्या पहिल्या गेमिंग मशीनमध्ये गेम बंद पाडणारा चोर सापडला एकदाचा! काल रात्री पावणेतीनला मेमटेस्टचा, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा, चौथा पास (पूर्ण फेरी) संपला आणि एररच्या रकान्यात शून्य. चार पासच्या पुढे फुकट आवृत्ती जातच नाही, नाहीतर पाचवाही लावला असता, नुसता तो शून्य बघत बसायला.

आधी एक कबुली. नोंद ४ मधला तो विजयी परिच्छेद, "रॅमचे काँटॅक्ट खोडरबराने पुसले, प्रश्न मिटला", कृपया विसरा. प्रश्न मिटला नव्हता. योगायोगाने झाकला गेला होता आणि दोन दिवसांनी मीच तो माझ्या हाताने परत उघडा केला.

बाकीची प्रगती भरभर सांगते. बी४५० मदरबोर्डाचं बायॉस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) अपडेट होऊन रायझन ५ ५६०० प्रोसेसर ओळखला गेला, हे मागेच लिहिलंय. कूलर बसला. खोक्यातल्या रेथ स्टेल्थला क्लिप नसते, चार स्क्रू असतात, त्यामुळे बोर्डावरचे प्लास्टिकचे ब्रॅकेट आधी काढावे लागतात. ते काढले की मागची लोखंडी पट्टी सुटून खाली पडते, हे कुठल्याच माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेलं नव्हतं. ठण्ण असा आवाज आला तेव्हा बोर्ड गेला असंच वाटलं. मग एका हाताने पट्टी मागून दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने स्क्रू तिरपे, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. पहिल्याच झटक्यात तापमान ठीक. हा छोटासा विजय मी अजून पुरवून पुरवून खातेय.

आता मूळ दुखणं.

बजेट ताणलेलं असल्यामुळे मी रॅम हप्त्यात घेतली होती. आधी ८ जीबीची एक डीडीआर४-३२०० स्टिक, मग दोन महिन्यांनी तीच दुसरी. तीच म्हणजे अगदी तीच: तीच कंपनी, तोच रंग, तोच मॉडेल नंबर. ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरात, हवं म्हणून ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून मोजलं तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने (इथे ३२००) चालवायची सेटिंग, चालू केलं. विंडोज सुरळीत, ब्राउझर सुरळीत, आणि गेम मात्र कधी दहा मिनिटांत तर कधी दीड तासाने सरळ डेस्कटॉपवर. एकदा निळा पडदाही आला.

संशय आधी ड्रायव्हरवर, कारण ग्राफिक्स कार्ड सध्या मावसभावाचं उसनं जीटीएक्स १६५० आहे. ड्रायव्हर पूर्ण पुसून नव्याने टाकले. फरक नाही. मग एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर. तो ५५० वॅटचा आणि कार्ड ७५ वॅटचं, तेव्हा हा आरोप मुळातच लंगडा होता, पण वैतागलेल्या माणसाला लंगडा आरोपही पुरतो. मग प्रोसेसरच्या तापमानावर. तेही निर्दोष.

खरा धागा गेममध्ये मिळालाच नाही, एका झिप फाइलमध्ये मिळाला. मोठी फाइल उघडताना सीआरसी एरर, म्हणजे माहिती जशीच्या तशी नसल्याची तक्रार, आली. डाउनलोड खराब असेल म्हणून पुन्हा उघडली, तर या वेळी दुसऱ्याच ठिकाणी एरर. डाउनलोड खराब असतं तर एरर दर वेळी एकाच जागी आली असती. फाइल तीच आणि चूक दर वेळी वेगळी, म्हणजे वाटेत कोणीतरी बिट बदलतंय.

पेनड्राइव्हवर मेमटेस्ट टाकून बूट केलं. दोन्ही स्टिक एकत्र असताना पहिल्याच पासमध्ये लाल ओळी. मग एकेक स्टिक वेगळी तपासली, दोन्ही एक्सएमपीसकट स्वच्छ पास. एक्सएमपी बंद करून २१३३ वर दोन्ही एकत्र, तरी स्वच्छ. एकत्र आणि ३२०० वर बसल्या की भांडण. इथे मी काँटॅक्ट पुसले, स्टिक परत लावल्या, दोन दिवस सगळं मस्त चाललं आणि मी ती नोंद लिहून मोकळी झाले. नंतर केबल नीट लावायला स्टिक पुन्हा काढल्या, परत बसवल्या आणि क्रॅश हजर. धाकटा भाऊ दारातून म्हणाला, "ताई, तू गेम खेळणारेस की नुसतं बूटच करणारेस?"

मग रॅमचं व्होल्टेज १.३५ वरून १.३७ केलं. काही नाही. प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलरच कमकुवत आहे, असं मनाशी ठरवून टाकलं आणि चार दिवस त्याच दुःखात गेले.

परवा स्टिक हातात घेऊन बसले होते तेव्हा स्टिकरवर नजर गेली. मॉडेल नंबर तोच, पण खाली बारीक अक्षरात व्हर्जनचा आकडा वेगळा. हीट स्प्रेडरच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारला. जुन्या स्टिकवर आठ चिप, नव्या स्टिकवर चार!

सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन्ही "सिंगल रँक", म्हणजे ६४ बिटचा एकच चिपगट, दिसतात आणि तेवढ्यावर मी गाफील राहिले. पण ८ जीबी दोन प्रकारे बनते. ८ गिगाबिटच्या आठ चिप, प्रत्येकी ८ बिट रुंद. किंवा १६ गिगाबिटच्या चार चिप, प्रत्येकी १६ बिट रुंद. दोन्हींची बेरीज ६४ बिटच, म्हणून रँक एकच. स्वभाव मात्र वेगळा. १६ बिट रुंदीच्या डीडीआर४ चिपमध्ये बँक ग्रुप (आतल्या साठवणीचे गट) चारऐवजी दोनच असतात, त्यामुळे ती मुळात थोडी मंद. आणि मला नडली ती गोष्ट टीआरएफसी.

डीरॅमचे कपॅसिटर गळके असतात, त्यांना सतत रिफ्रेश करावं लागतं. एक रिफ्रेश पूर्ण व्हायला जितका वेळ थांबायचं तो टीआरएफसी. प्रमाण आकड्यांनुसार ८ गिगाबिटच्या चिपला ३५० नॅनोसेकंद लागतात, १६ गिगाबिटच्या चिपला ५५०. ३२०० वर घड्याळाचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे एकीला ५६० ठोके आणि दुसरीला ८८०. रॅमचे असे आकडे दाखवणारं झेनटायमिंग्ज उघडून पाहिलं तर ५६०. स्टिकची अदलाबदल करून पुन्हा पाहिलं तर ८८०! एक्सएमपी लावलं की माझा बोर्ड ए२ मधल्या स्टिकवरून आकडा उचलतो आणि तोच दोघींना लावतो. जुनी स्टिक ए२ मध्ये असली की नवीचं रिफ्रेश अर्ध्यातच तुटायचं. खोडरबराच्या दिवशी मी स्टिक नकळत उलट्या क्रमाने लावल्या होत्या, इतकंच ते रहस्य. खोडरबर निरपराध आहे.

आता बायॉसमध्ये टीआरएफसी हाताने ८८० टाकलाय, म्हणजे क्रम कुठलाही असला तरी चालतं. चार पास स्वच्छ आणि ती झिपही गुपचूप उघडली.

रॅम जोडीनेच घ्या, एका खोक्यातली. हप्त्यात घेऊन जे वाचवलं ते मी झोपेतून फेडलं. जोडी परवडत नसेल तर महिनाभर थांबा, पण एकच स्टिक आणून दुसरी नंतर शोधत बसू नका. आणि मॉडेल नंबर न बदलता आतल्या चिप बदलणाऱ्या कंपन्यांबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढची योजना अशी होती की दोन्ही स्टिक विकून १६ जीबीच्या दोन स्टिकचं किट घ्यायचं. पण मग कार्डाच्या पैशांना कात्री लागते, आणि पहिल्या गेमिंग मशीनमध्ये कार्डाचे पैसे कापणं म्हणजे देव सोडून देव्हाऱ्याला सोनं. तेव्हा रॅम आहे तशी राहू दे. उलट एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान एसएसडी, पुढे ढकलते, जुनी साटा एसएसडी अजून धडधाकट आहे. शिवाय या बोर्डावर तिच्यासाठीची एम.२ खाच पीसीआयई ३.० ची, म्हणजे तिसऱ्या पिढीचीच आहे, चौथ्या पिढीच्या ड्राइव्हचा वेग तिथे वायाच गेला असता.

कार्डासाठी आरएक्स ६६०० जवळजवळ पक्कं होतं: ८ जीबी, १३२ वॅट, एकच आठ पिनची केबल. त्याला आठच लेन (बोर्डाशी बोलायच्या वाटा) आहेत आणि माझा बोर्ड ३.० चा, पण आठ लेनवर सेकंदाला जवळपास ८ जीबी जातात, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरून वाहू लागली नाही तर पुरे. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र अशा बोर्डावर लावू नका, त्यात चारच लेन आणि साधारणपणे ४ जीबीच.

हे लिहिता लिहिताच एक वापरलेलं आरटीएक्स ३०६० विकायला दिसलं. सोळा लेन, १२ जीबी, १७० वॅट, म्हणजे माझ्या एसएमपीएसला सहज झेपेल. गेल्या महिन्यात पाहिलं असतं तर लगेच हो म्हटलं असतं. आता नाव पुन्हा वाचलं, कारण ३०६० सुद्धा दोन आहेत: एक १२ जीबी आणि १९२ बिट बसचं (बस म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता), दुसरं ८ जीबी आणि १२८ बिटचं. विकणाऱ्याने नुसतं "३०६०" लिहिलंय, १२ जीबी त्याने फोनवर सांगितलं. मी कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट मागितलाय, बस विड्थच्या रकान्यात १९२ दिसलं की व्यवहार. त्याने उत्तरादाखल खोक्याचा फोटो पाठवलाय, तोही मागच्या बाजूने.