तुम्ही विचारलंत म्हणून: आखातात मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जाता येतं का?

वसईतला किंवा गोव्यातला कुणी दुबई-कुवेतला नोकरीला निघाला की ओळखीपाळखीचे हमखास विचारतात, "तिकडे तुम्हाला चर्चला जाऊ देतात का? गळ्यातला क्रूस काढून ठेवावा लागतो का?" विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते, पण सगळं आखात म्हणजे एकच देश, असा समजही असतो. सौदी अरेबियात एकही चर्च नाही. अमिराती, ओमान, बहरीन, कतार आणि कुवेत या पाचही देशांत मात्र आहेत, आणि सणावाराला तिथे उभं राहायलाही जागा मिळत नाही. या पाच देशांत आपल्या माणसाची रोजची अडचण बंदीची कमी आणि जागेची जास्त असते.

तिथे चर्चसाठी कुणाला बाजारात जाऊन प्लॉट घेता येत नाही. जमीन राज्यकर्ता देतो आणि देईल तिथेच चर्च उभं राहतं. बहरीनच्या राजधानीतलं, मनामाचं सेक्रेड हार्ट 1939 मध्ये असंच उभं राहिलं. दुबईचं सेंट मेरीज 1967 चं. बहरीनमध्येच आवाली इथे राजानं दिलेल्या जमिनीवर सुमारे 2300 माणसं बसतील एवढं कॅथेड्रल झालं, त्याचं उद्घाटन डिसेंबर 2021 मध्ये. जमीन मोजकी असल्यामुळे एकाच आवारात अनेक पंथांची चर्च शेजारी-शेजारी असतात. दुबईतल्या जेबेल अलीला कॅथलिक, अँग्लिकन, केरळचं मार थोमा अशी रांगच आहे. कतारच्या राजधानीतलं, दोहाचं धर्मसंकुल तर गावाबाहेरच्या बाजूला एका भिंतीआड आहे. दारावर तपासणी होते आणि इमारतींवर बाहेरून क्रूस दिसत नाही. ज्या छोट्या मंडळ्यांना स्वतःची इमारत नाही त्या दुसऱ्यांच्या चर्चमधले हॉल तासांच्या हिशेबानं घेतात. एक मंडळी बाहेर पडते तोवर दुसरी दाराशी उभी असते.

याचा पहिला परिणाम वेळापत्रकावर होतो. कुवेत, कतार, बहरीन, ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून रविवारची मिस्सा शुक्रवारीच सुरू होते. बायबलमधली वाचनं रविवारचीच असतात आणि बिशपांच्या परवानगीनं तीच मिस्सा रविवारची धरली जाते. नवखा माणूस "खरी मिस्सा रविवारी" असं धरून बसतो आणि कामाच्या दिवशी धावपळ करतो, त्याची गरज नाही. अमिरातीत 1 जानेवारी 2022 पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवारकडे सरकली आणि शुक्रवार अर्ध्या दिवसाचा झाला. पण खासगी कंपन्या, दुकानं, बांधकामाच्या साइट यांचं आपापलं ठरलेलं असतं. म्हणून आधी आपल्या कंपनीची सुट्टी पाहा, मग धर्मग्रामाचं (पॅरिशचं) वेळापत्रक. भाषाही पाहा. सेंट मेरीजमध्ये कोकणी, मल्याळम, तामिळ, तागालोग, उर्दू, अरबी अशा मिस्सा होतात. मराठी माणूस बहुतेक इंग्रजी किंवा कोकणी धरतो.

नाताळची सरकारी सुट्टी नसते, रजा टाकावी लागते. ती नोव्हेंबरातच टाका, कारण फिलिपिनो आणि केरळी सहकारीही तोच दिवस मागतात. रमजान आणि आपला ईस्टरआधीचा उपवासकाळ एकत्र आले की वेळा बदलतात. 2025 मध्ये रमजान 1 मार्चला लागला आणि उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार 5 मार्चला आला. अशा वर्षी रोजा सोडायच्या वेळेला रस्ते तुंबलेले असतात. संध्याकाळच्या मिस्सेला जायचं तर त्या आधीचा तास गृहीत धरून निघायचं. आणि आपला उपवास नसला तरी दिवसा चारचौघांत खाऊ नये, हा शिष्टाचार आहे, आणि कुवेतसारख्या देशात कायदाही.

क्रूसाचं म्हणाल तर अमिरातीत गळ्यात घालायला आडकाठी नाही. अडचण येते ती दुसऱ्या गोष्टीनं. मुसलमान सहकाऱ्याला सुवार्तेची पत्रकं देणं, त्याला प्रार्थनासभेला ओढणं हा गुन्हा आहे. कुठल्याही धर्माच्या अपमानाला 2015 पासून वेगळा कायदा आहे, आणि तो फोनवरच्या मजकुरालाही लागतो. घरच्या ग्रुपवरून आलेला धर्मावरचा एखादा फॉरवर्ड पुढे ढकलण्यात जेवढा धोका आहे तेवढा गळ्यातल्या साखळीत नाही. इमारतीतल्या फ्लॅटमध्ये दहा-बारा जणांनी मिळून रोझरीची माळ म्हणणं चालून जातं. पण व्हिला भाड्यानं घेऊन दर आठवड्याला गाणीबजावणी आणि भाषणं सुरू केली की ते विनापरवाना प्रार्थनास्थळ ठरतं. पाद्र्यांच्या उत्साहापायी काही मंडळ्या इथेच अडकतात.

सगळ्यात जास्त हेलपाटे कागदांपायी होतात, आणि त्यातले बहुतेक निघण्याआधी टाळता येतात. चर्चमध्ये लग्न लावायचं असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो, लहानपणी मिळालेला पिवळा कागद चालत नाही. कारण त्या नोंदीच्या समासात पुढचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) आणि लग्न लिहिलेलं असतं, आणि माणूस अविवाहित आहे हे तिथूनच कळतं. शिवाय दृढीकरणाचा दाखला, मूळ धर्मग्रामाचं ना-हरकत पत्र, लग्नपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र आणि दोन्हीकडच्या चर्चमध्ये तीन वेळा लग्नाचा पुकारा, म्हणजे जाहीर घोषणा. गाडी अडते ती नावावर. चर्चच्या वहीत 'दुमिंग', पासपोर्टवर 'डॉमनिक'. वहीत आडनाव 'लोपीस', पासपोर्टवर 'लोपेस'. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र गावी असतानाच करून घ्या. परदेशातून ते करायला महिने जातात.

बायकोला व्हिसावर न्यायचं असेल तर चर्चचा लग्नाचा दाखला एकटा पुरेल असं धरू नका, सरकारी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवा. अमिराती, कतार, कुवेत हे देश अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून मिळणारा एकच सरकारी शिक्का, मानत नाहीत. तिथे आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास आणि शेवटी तिथलं परराष्ट्र खातं असे चार शिक्के लागतात. ओमान, बहरीन आणि सौदीला अपोस्टिल चालतो. मुलांच्या पहिल्या कम्युनियनसाठी (मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्यासाठी) धर्मशिक्षण कुठल्या इयत्तेपर्यंत झालं याचं पत्र गावच्या फादरांकडून घेतलं नाही, तर मूल पुन्हा खालच्या वर्गात बसतं.

सौदीत घरातल्या घरात प्रार्थना खपवून घेतली जाते, पण चारचौघांत उपासना नाही आणि फादर उघडपणे वावरू शकत नाहीत. तिथे जाणाऱ्यानं एक बायबल स्वतःपुरतं न्यावं, पेटीभर नेऊ नये. बहरीनला जोडणारा पूल जवळ असेल तर सुट्टीला तिकडे मिस्सेला जाणारी कुटुंबं बरीच आहेत.

आता जे आम्हाला खरंच सांगायचं आहे ते. पोप फ्रान्सिस फेब्रुवारी 2019 मध्ये अबू धाबीला आले तेव्हा मिस्सेला सुमारे 1,80,000 माणसं होती. अरबी द्वीपकल्पावरची पोपची ती पहिलीच मिस्सा. त्या गर्दीचे फोटो पाहून वाटतं, केवढा मोठा ख्रिस्ती समाज! पण त्यातले जवळपास सगळे व्हिसावर होते. कुवेत आणि बहरीनमध्ये काही मोजकी ख्रिस्ती कुटुंबं तिथली नागरिक आहेत. बहरीनच्या ॲलिस समान ब्रिटनमध्ये त्या देशाच्या राजदूत होत्या. बाकी आपण सगळे नोकरी असेपर्यंतचे. तिथल्या धर्मग्रामात म्हातारी माणसं क्वचित दिसतात. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या भरभर भरतात, मयताची वही भरत नाही, कारण साठीला माणूस गावी परततो. चर्च चालवणारे गायक, वाचक, शिक्षक दर दोन-चार वर्षांनी बदलतात. भारतातल्या अल्पसंख्याकाला निदान मतदानाचा, कोर्टाचा आणि पिढीजात घराचा आधार असतो. तिथे मिळतो तो पाहुणचार. तो मनापासूनचा आहे आणि आम्ही त्याबद्दल कृतज्ञ आहोत, पण त्याला हक्क समजून घर सोडू नका.

म्हणून दोन गोष्टी आधीच करा. अमिरातीत फेब्रुवारी 2023 पासून मुसलमानेतरांना वेगळा कौटुंबिक कायदा आहे. मृत्युपत्र नसेल तर अर्धी मालमत्ता जोडीदाराला आणि अर्धी मुलांना समान जाते, मुलगा-मुलगी भेद नाही. वेगळं काही हवं असेल तर मृत्युपत्र नोंदवून घ्या. आणि मयताची वेळ आली तर काय करायचं हे घरात एकाला तरी माहीत असू द्या. दुबईत जेबेल अलीला मुसलमानेतरांचं दफनस्थान आहे, पण बहुतेक घरं देह गावी आणतात. त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला, पोलिसांचं पत्र, मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करून भारतीय वाणिज्य दूतावासाचं ना-हरकत पत्र, देह टिकवण्याच्या प्रक्रियेचं प्रमाणपत्र आणि मग विमानाची कार्गो बुकिंग, अशी रांग असते. खर्च कंपनी करणार की घरचे, हे नोकरीच्या करारात असतं. तो करार घरी कुठल्या फाइलमध्ये आहे ते बायकोला दाखवून ठेवा.