आई-बापच परदेशी

बुधवारच्या बाजारात एका गोऱ्या आजींनी आईला ॲव्होकॅडोचा भाव विचारला. अडखळत, पण नीट स्पॅनिशमध्ये. आई तेव्हा ढिगातला एकेक दाबून बघत होती. केसांचा अंबाडा, अंगात माझा स्वेटर. ही इथलीच विकणारी, असं त्यांना वाटलं. मला भयंकर राग आला आणि आईला हसू. "सांग त्यांना, अजून भवानी व्हायचीय म्हणून."

ही गोष्ट आहिहिकची. नाव घेताना उचकी लागल्यासारखं होतं. आमच्या ग्वादालाहाराहून बसने तासाभरावर चापाला सरोवर आहे, मेक्सिकोतलं सगळ्यात मोठं. त्याच्या काठावरच्या या गावात निवृत्त अमेरिकन आणि कॅनडियन मंडळी वर्षानुवर्षं वस्तीला आहेत. उंची दीडेक हजार मीटर, त्यामुळे हवा बारमाही सुखाची. (पुण्याची हवा पूर्वी अशी होती, हे आईने तीनदा सांगितलं.) अमेरिकेतल्या पेन्शनीत इथे घर, बाग आणि कामाला बाई, सगळं बसतं. फक्त मेडिकेअर, म्हणजे तिकडचा म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, देशाबाहेर सहसा चालत नाही, त्यामुळे आजारपणाचा खर्च खिशातून नाहीतर वेगळ्या विम्यातून.

मला यांचा राग येतो तो भाषेवरून. पंधरा-पंधरा वर्षं राहून कित्येकांचं स्पॅनिश 'ग्रासियास'च्या (धन्यवादच्या) पुढे जात नाही. पाट्या इंग्रजीत, मेनू इंग्रजीत. मी वेटरशी स्पॅनिश बोलले तरी उत्तर इंग्रजीत. आपण अमेरिकेत गेलो की 'इमिग्रंट', आणि हे इथे आले की 'एक्सपॅट'! मी तीन वर्षांत प्लंबरशी भांडण्याइतकं स्पॅनिश शिकले, यांना काय धाड भरलीय? मेक्सिको सिटीत तर जुलै 2025 मध्ये कोंदेसा भागात लोक रस्त्यावर उतरले, वाढलेल्या भाड्यांवरून आणि या परदेशी वस्तीवरून. दिवसही नेमका 4 जुलै.

आता खरं सांगायचं तर आमचा मामा पंचवीस वर्षं बंगळूरला होता, आणि त्याला एकच कन्नड वाक्य येई : 'कन्नड गोत्तिल्ला', म्हणजे 'कन्नड येत नाही'. तोच मामा पुण्यात आला की रिक्षावाल्याला मराठीत बोलायला लावी. ग्वादालाहारातली आम्ही नऊ मराठी घरंही दर शनिवारी एकमेकांकडेच जेवतो, आणि गणपतीच्या आरतीला एकही मेक्सिकन नसतो. पण ते वेगळं. आम्ही इथे नोकरीला आलोय.

असो. गैरसमज कळल्यावर त्या आजी इतक्या ओशाळल्या की आम्हाला हाताला धरून त्यांच्या 'लेक चापाला सोसायटी'त घेऊन गेल्या. संस्था 1955 ची. आवारात मोठी झाडं, इंग्रजी पुस्तकांचं भलंमोठं वाचनालय. ही जागा नील जेम्स नावाच्या अमेरिकन प्रवासलेखिकेने दिली. बाई 1940 च्या दशकात दुखापतीतून बरं व्हायला इथे आल्या आणि कायमच्या राहिल्या. गावातल्या पोरांसाठी त्यांनी सुरू केलेला चित्रकलेचा वर्ग अजून चालतो, हे ऐकून माझा राग जरा खाली बसला. पूर्ण नाही.

काउंटरवर ऐंशीच्या घरातले एक आजोबा पुस्तकांच्या पाठीला चिकटपट्टी लावत होते. पगार नाही, पाळी ठरलेली. कोण कुणाला डॉक्टरकडे नेणार ते आपसात ठरतं, आणि 1965 पासून चालत आलेलं इंग्रजी नाटकाचं थिएटरही गावात आहे. गुडघे बदललेली माणसं तालमीला जातात म्हणे.

आई सगळं बघत होती. मग तिने मला विचारायला लावलं, "यांची मुलं कुठे असतात?"

एक मुलगा डेन्व्हरला, मुलगी टेक्ससात. नाताळात येतात, जमलं तर.

"म्हणजे मुलं आपली घरी, आणि आई-बापच परदेशी गेलेत," आई म्हणाली. मला हे भाषांतर करवेना. मी आजींना सांगितलं, आईला बाग आवडली.

आम्ही दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. कोथरूडला दिवसभराची बाई ठेवलीय, सोसायटीत लिफ्ट आहे, शेजारी चांगले आहेत. शिवाय आई स्वतःच म्हणते की तिला कुठे करमत नाही. हे सगळं मी तिथेच, वाचनालयाच्या बाकावर, मनातल्या मनात म्हणून घेतलं. विचारलं कुणीच नव्हतं.

परतीची बस विमानतळावरून जाते. आईचं विमान अठरा तारखेला आहे.

"तिथे भाडं काय पडतं गं?"

"का?"

"सहज."

तिने पिशवीतून ॲव्होकॅडो काढला, अंगठ्याने दाबून पाहिला. "परवापर्यंत होईल," म्हणाली, आणि परत कागदात गुंडाळून ठेवला.