बडोदा ते मुल्की: ७०-२०० घरीच ठेवा

बडोद्यात लेन्स भाड्याने घ्यायला गेलं की काउंटरवरून ठरलेला सल्ला मिळतो: "७०-२०० न्या, सगळ्याला चालते." ही ७० ते २०० एमएमची झूम लेन्स गरब्याला चालते, लग्नाला चालते, तिथे रिंगणाला खेटून उभं राहता येतं. सर्फिंगचे फोटो काढायला मात्र नाही: कर्नाटकच्या किनाऱ्यावर मुल्कीजवळ ससिहित्लूला, शांभवी-नंदिनी नद्यांच्या मुखापाशी, सर्फर दीडशे मीटर आत असतो आणि पुढे सरकायला जागाच नसते. त्या सल्ल्यापायी तीनपैकी पहिली सकाळ अख्खी वाया गेली.

हिशेब साधा आहे. १.५ क्रॉपच्या (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा दीडपट लहान सेन्सरच्या) कॅमेरा बॉडीवर २०० एमएमला दीडशे मीटरवर फ्रेमच्या उंचीत पावणेबारा मीटर मावतात. वाकलेला सर्फर दीड मीटरचा, म्हणजे फ्रेमचा आठवा हिस्सा. २४ मेगापिक्सेलमध्ये जेमतेम ५०० पिक्सेल उंच. ६०० एमएमला त्याच उंचीत चार मीटरही मावत नाहीत. ४०० च्या खालचं काही नेऊच नका.

सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १.९ किलोची, मोनोपॉडवर (एकपायी स्टँडवर) तीन तास पेलवते. तिचं स्पोर्ट्स मॉडेल २.८ किलोच्या वर जातं. वाळूतून चालायचं असेल तर नको. सोनीची बॉडी असेल तर २००-६०० डोळे मिटून घ्या: झूम करताना नळी बाहेर येत नाही, त्यामुळे खारी हवा आत ओढली जात नाही. १.४ टेलिकन्व्हर्टरच्या (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवून पल्ला १.४ पट करणाऱ्या भिंगाच्या) नादी लागू नका. एफ/६.३ चं एफ/९ होतं, म्हणजे प्रकाश निम्मा येतो, आणि डीएसएलआरचा ऑटोफोकस चाचपडत बसतो.

शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. फोकस लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं लेन्सवरचं बटण) १० मीटर ते अनंतवर, नाहीतर तुषार आडवे आले की फोकस थेट जवळच्या टोकापर्यंत जाऊन येतो आणि तेवढ्यात लाट संपते. एक्सपोजर फेसावर धरा. फेस एकदा जळला, म्हणजे जास्त उजेडाने पांढराफटक झाला, की त्यातला तपशील परत येत नाही. मोनोपॉड मऊ वाळूत खचतो, पायाखाली डब्याचं प्लास्टिकचं झाकण ठेवा.

पश्चिम किनाऱ्यावर सकाळी ऊन पाठीमागून येतं, काम तेव्हाच उरका. (चेन्नईजवळ कोवलमला नेमकं उलट.) वाळू तापली की तिच्यावरची हवा थरथरते आणि ६०० एमएमला सगळं मऊ दिसतं. दोष लेन्सचा नसतो, महागडी लेन्स आणूनही तेच होणार.

एसी खोलीतून निघताना लेन्स बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर काच धुरकटते. परतल्यावर फिल्टरच्या कडेला बोट लावून बघा, चिकट लागतं. ते मीठ. कोरडं घासलंत तर ओरखडे पडतील. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आधी टिपा.

खरी लूट भाड्यात. रेल्वेचे जाण्या-येण्याचे दिवसही मोजतात, आणि संध्याकाळी सातला लेन्स हातात दिली तरी तो दिवस पूर्ण धरतात. भाडं चोवीस तासांवर ठरवून पावतीवर वेळ लिहून घ्या. मोबाईलच्या टॉर्चमध्ये पुढच्या-मागच्या काचेचे फोटो दुकानदारासमोरच काढा. अनामत परत घेताना तेच कामाला येतात.