एफआयआर वाचून घाटातली धोक्याची जागा कशी काढायची

मुंबई-गोवा महामार्गावरच्या अपघातांचा अभ्यास मशीन लर्निंगने, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाला शिकवून करायचा, तर आधी एफआयआरची मराठी नीट वाचावी लागते. मॉडेल कोणतं, हा प्रश्न फार पुढचा.

अपघाताच्या फिर्यादींत एक ठरलेलं वाक्य पुन्हापुन्हा येतं: ‘आपले ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याचे परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून’. कलम लावायला ही भाषा लागते. कच्चा मजकूर दिला की मॉडेल सगळीकडे ‘वेग’ हेच कारण सांगतं. उतारावर निकामी झालेले ब्रेक, अंधारात बंद पडलेला ट्रेलर, अर्धवट कामाचं वळण त्याखाली दबून जातं. हे वाक्य आधी गाळा. चालकाचं नाव, गाव, वयही काढून टाका; जागा शोधायला त्यांचा उपयोग नाही.

मग कलमं. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली आणि निष्काळजीपणाने मृत्यूचं जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३०४-अ हे कलम १०६(१) झालं. मजकुरातून आकडे उचलताना ‘अ’ गळला की उरतं ३०४, आणि नव्या संहितेत ३०४ म्हणजे हिसकावून केलेली चोरी. घाटात दगावलेला माणूस तक्त्यात सोनसाखळी चोरीत जमा! कायद्याचं नाव वेगळ्या रकान्यात ठेवा. कोणता कायदा लागतो हे घटनेच्या तारखेवरून ठरतं, नोंदणीच्या नव्हे.

सगळ्यात जास्त वेळ जागा नक्की करण्यात जातो, आणि तो द्यायलाच हवा. सरकारी व्याख्येत ब्लॅक स्पॉट म्हणजे साधारण ५०० मीटरचा टप्पा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले किंवा १० जण दगावले. कशेडी घाट पोलादपूर आणि खेडच्या, म्हणजे रायगड आणि रत्नागिरीच्या हद्दीवर. हद्दीलगतच्या एकाच टप्प्यातले ३ अपघात एका ठाण्यात, २ दुसऱ्या ठाण्यात नोंदले गेले, की दोन्हीकडे आकडा पाचाच्या खालीच. म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या नोंदी एकत्र करून, किलोमीटर दगडावरून जागा लावून मगच मोजा. कशेडीचा बोगदा सुरू झाल्यावर वाहनं तिकडे वळली. जुन्या घाटातले अपघात घटले म्हणून तो रस्ता सुधारला असं धरू नका.

महिन्याचा रकानाही फसवतो. गणेश चतुर्थी २०२३ला १९ सप्टेंबरला होती, २०२५ला २७ ऑगस्टला. चाकरमान्यांची गर्दी तिच्यासोबत सरकते, म्हणून ‘चतुर्थीला किती दिवस’ हा रकाना घाला.

कारणांच्या वर्गीकरणासाठी ४०० फिर्यादी दोघांनी एकमेकांचं न बघता वाचून खुणा कराव्यात. जिथे दोघांचं जुळत नाही, तिथे कारणाची व्याख्याच ढिली असते. सुरुवातीला शब्दांचे तीन ते पाच अक्षरांचे तुकडे आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (तुकड्यांना वजन देऊन कारण ठरवणारी साधी पद्धत) पुरतं. ‘घाटात’, ‘घाटातील’ अशी रूपं आणि ‘कशेडि’सारखं चुकीचं लेखन त्यात आपोआप सांभाळलं जातं. धोक्याच्या जागांचा अंदाज २०२३पर्यंतच्या नोंदींवर बांधा, २०२४वर तपासा, आणि त्याची तुलना मागच्या तीन वर्षांच्या साध्या मोजणीशी करा. मॉडेल तिला मागे टाकत नसेल, तर बांधकाम खात्याला मोजणीचाच तक्ता द्या.